लॉट नंबर बघून घे!

एनसीसीत असलेल्या कुणालाही विचारा, फायरिंगच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? गोळ्या झाडण्यात नाही, रिकामी काडतुसं शोधण्यात. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजातून सेकंड इयरला आम्हाला रेंजवर नेलं होतं. पहाटे साडेचारला उठा, बूट चमकवा, ट्रकमध्ये कोंबून बसा, आणि एवढं सगळं करून प्रत्येकाच्या वाट्याला पॉइंट टू टू रायफलच्या गोळ्या किती? पाच! पालथं झोपून, श्वास रोखून, दोन-तीन मिनिटांत खेळ खल्लास. त्यानंतर पाऊण तास आम्ही सगळे गुडघ्यांवर रांगत गवतातून पितळेचे इवलेसे खोखे वेचत होतो. कारण जितक्या गोळ्या दिल्या तितके खोखे मोजून परत केल्याशिवाय ट्रक हलत नाही.

माझं ग्रुपिंग भयंकर आलं. म्हणजे पाच भोकं जेवणाच्या छोट्या ताटलीएवढ्या जागेत ऐसपैस पसरलेली. मी लगेच जाहीर करून टाकलं, ‘यार, गोळ्याच जुन्या आहेत.’ शेजारच्या लेनवरच्या मित्राची तीन भोकं एकमेकांना चिकटलेली होती, उरलेली दोन टार्गेटच्या दोन टोकांना. त्याने त्या तीन भोकांचा क्लोज-अप काढून स्टेटस ठेवलं. त्या दिवशी आम्ही दोघांनीही एकच चूक केली होती, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

परत देण्याआधी एक खोखा नीट बघितला. कडेवर फायरिंग पिनचा चपटा व्रण, बाकी पितळ नवंकोरं. डोक्यात आलं, हे पुन्हा भरून वापरता येत नसेल?

कटोरीपासून काडतूस

हा प्रश्न विचारायला माणूस घराजवळच होता. अंबरनाथला आमच्या बिल्डिंगमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका राहतात. अंबरनाथकरांना सांगायला नको, गावात अशा दोन फॅक्टऱ्या आहेत : एक ऑर्डनन्स आणि दुसरी मशीन टूल प्रोटोटाइप, जी १९५३ सालची. २०२१च्या १ ऑक्टोबरला सगळ्या आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा ऑर्डनन्स गेली नागपूरच्या यंत्र इंडियाकडे आणि मशीन टूल गेली रणगाडेवाल्यांकडे. काकांना मात्र अजूनही ‘फॅक्टरी’ एवढंच म्हटलेलं चालतं. आत काय चालायचं ते काका सांगत नाहीत, विचारलं की ‘पितळ’ म्हणतात आणि विषय बदलतात. पण पितळाबद्दल विचारलं तर मात्र थांबत नाहीत.

‘तुमच्या घरात वाटी आहे ना? तसंच असतं सुरुवातीला,’ काका म्हणाले. पितळेच्या पत्र्यातून गोल चकती कापायची, तिला दाबून वाटी करायची. मग ती वाटी एकामागून एक लहान होत जाणाऱ्या साच्यांमधून दाबून ओढायची. प्रत्येक ओढीला ती उंच होते आणि भिंत पातळ होते. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त असं हे पितळ असतं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘कार्ट्रिज ब्रास’ म्हणून पाठ केलं असेल, ते हेच. ओढलं की पितळ कडक होतं, तसंच आणखी ओढलं तर तडकतं. म्हणून मध्येच भट्टीत घालून मऊ करायचं, आम्लाने धुवायचं आणि पुन्हा ओढायचं. शेवटी बूड कडक हवं आणि तोंड मऊ. गोळी सुटताना तोंड फुगून चेंबरला घट्ट चिकटतं, त्यामुळे गॅस मागे येत नाही. क्षणात ते थोडं आकसतं आणि काडतूस सुटून बाहेर येतं. तोंड फार कडक असेल तर चीर जाणार, बूड मऊ असेल तर चेंबरमध्ये अडकणार. एकाच तुकड्यात दोन स्वभाव, आणि ते लाखोंच्या संख्येने.

‘भिंत एका बाजूला जाड आली की संपलं,’ काका बोट वाटीच्या कडेवरून फिरवत म्हणाले. ‘दिसायला झकास. पण गोळी तिरकी बसणार, तिरकीच निघणार. अरे, एक चांगलं कुणीही करेल. दहा हजारावं पहिल्यासारखं आलं पाहिजे.’

(अंबरनाथचं आणि आग लावायच्या वस्तूंचं नातं तसं जुनंच. काडेपेटीवाली विम्कोही इथलीच. काडीचं टोक घासलं की पेटतं, काडतुसाचं बूड ठोकलं की पेटतं. फरक एवढाच, की काडी दुसऱ्यांदा घासावी लागली तर कुणी तक्रार करत नाही.)

दारू भरून तयार काडतूस करण्याचं काम दुसरीकडे चालतं. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि भुसावळजवळ वरणगावला दुसरा. हे दोन्ही आता पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे आहेत. पण सैन्याच्या काडतुसाची परीक्षा वेगळी असते. ते सियाचिनच्या थंडीत उडलं पाहिजे, जैसलमेरच्या उन्हातही उडलं पाहिजे आणि चिखलाने माखलेल्या रायफलमध्येही अडकता कामा नये. नेमबाजीच्या काडतुसाला यातलं काहीच करायचं नसतं. त्याने फक्त आधीच्या काडतुसासारखं वागायचं असतं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण खरी गोम इथेच आहे.

खोखा पुन्हा का भरायचा नाही?

माझ्या प्रश्नाचं उत्तर काकांनी दोन भागांत दिलं. पहिला भाग तंत्राचा. पॉइंट टू टूचं काडतूस ‘रिमफायर’ असतं. म्हणजे ठिणगी पाडणारं रसायन बुडाच्या पोकळ कडेत आतून गोल पसरवलेलं असतं. पिन त्या कडेला चेचते. एकदा चेचलेली कड सरळ करून पुन्हा रसायन भरण्याची भानगड कुणी करत नाही, म्हणून ते एकदाच वापरायचं. मोठ्या रायफलींची काडतुसं ‘सेंटरफायर’ असतात. त्यांच्या बुडाच्या मधोमध एक सुटी टोपी बसवलेली असते. ती काढून नवी लावता येते, आणि पितळ पुन्हा वापरता येतं.

याच सोयीवर परदेशात एक अख्खा छंद उभा आहे. अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात हजार यार्डांवर नेम धरणारे नेमबाज स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. याला ‘हँडलोडिंग’ म्हणतात. ही माणसं काय काय करतात ते वाचलं तर आपल्या फिजिक्सच्या लॅब असिस्टंटलाही घाम फुटेल. रिकामं पितळ एकेक करून तोलायचं आणि वजनाप्रमाणे ढीग लावायचे. सगळ्यांच्या माना एकाच उंचीवर कापायच्या. गोळीवर मानेची पकड प्रत्येक वेळी सारखी बसतेय का, ते बघायचं. गोळी सरळ बसलीय का, हे काडतूस गोल फिरवून डायल गेजवर तपासायचं. नळीतून निघणाऱ्या गोळीचा वेग क्रोनोग्राफवर मोजायचा आणि वहीत तारीख, तापमान, वारा, सगळं लिहायचं. मग एका वेळी एकच गोष्ट किंचित बदलायची आणि पुन्हा मोजायचं.

उत्तराचा दुसरा भाग काकांनी चष्मा काढून दिला. ‘हे तिकडे. इकडे नाद करायचा नाही.’ आपल्याकडे आर्म्स ॲक्ट, १९५९च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मोजण्यात चूक झाली तर रायफल हातात फुटते आणि गाल तिच्यापासून दोन इंचांवर असतो. तेव्हा यूट्यूबवर बघायला हरकत नाही, पण बघून उठल्यावर अभ्यासाला बसा.

मला तरीही हा छंद सोडवेना. मी बंदुकांचा वेडा आहे असं नाही. मी स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी आहे, आणि ही माणसं जे करत होती ते आमच्या सिलॅबसमध्ये होतं.

एका टक्क्याचा हिशेब

काडतुसं सारखी नसली तर नेमकं किती बिघडतं? बारावीचं फिजिक्स पुरतं. ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफलची गोळी साधारण ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात, कारण त्या सीमेच्या आसपास गोळीला हवेचे हिसके बसतात. पन्नास मीटर जायला तिला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला जवळपास १२ सेंटीमीटर खाली ओढतं. हे ठरलेलं आहे, साइट लावताना त्याची भरपाई केलेली असते. पण एखादी गोळी एक टक्का हळू निघाली तर? वेळ एक टक्का वाढतो, पडणं वेळेच्या वर्गाप्रमाणे दोन टक्के वाढतं, म्हणजे साधारण अडीच मिलीमीटर.

अडीच मिलीमीटर म्हणजे किरकोळ वाटेल. त्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटर व्यासाचं असतं, आणि फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात. प्रत्येक दशांश म्हणजे ०.८ मिलीमीटर. नेमबाजाने काहीही चुकवलेलं नसताना तीन दशांश गेले. दहा मीटर एअर रायफलला अंतर कमी, पण तिथे दशांश पाव मिलीमीटरचा आहे आणि दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलीमीटरचा ठिपका. तिथे एका टक्क्याचा फरक दीड दशांशाच्या आसपास बसतो. हजार यार्डांवर तर गोळी दहाएक मीटर खाली येते, म्हणजे एका टक्क्याला वीसेक सेंटीमीटर. हँडलोडिंगवाले पितळ का तोलत बसतात, हे आता कळलं असेल.

म्हणजे जोर महत्त्वाचा नाहीच. जोरात सुटणाऱ्या पण लहरी गोळीपेक्षा, हळू पण दर वेळी तितकीच हळू सुटणारी गोळी बरी. आपली ८.१७ रोज आठ वाजून एकवीस मिनिटांनी आली तर ती उशिरा असूनही आपण वेळेवर पोचतो. त्रास कधी ८.१७ला आणि कधी ८.३०ला येणाऱ्या गाडीचा.

तीन गोळ्यांचा फोटो

आता माझ्या मित्राच्या स्टेटसकडे येतो. हँडलोडिंगच्या जगात एक जुनी रीत होती : तीन किंवा पाच गोळ्यांचा गट मारायचा, भोकं मोजायची, सगळ्यात लहान गट देणारं मिश्रण निवडायचं. वर्षानुवर्षं लोकांनी असं ‘अचूक’ मिश्रण शोधलं, पाकिटात टार्गेटचा कागद घेऊन फिरले. मग पुढच्या रविवारी तेच मिश्रण कसंतरीच चालायचं. दोष वाऱ्याला, दोष बायकोच्या फोनला.

दोष होता नमुन्याच्या आकाराला. रायफल तीच, काडतुसं तीच, हात तोच असला तरी तीन गोळ्यांच्या गटापेक्षा दहा गोळ्यांचा गट सरासरी दीडपटीहून मोठा येतो. नेम बिघडत नाही. जास्त गोळ्यांना दूर जायची जास्त संधी मिळते, एवढंच. आणि तीन-तीन गोळ्यांचे वीस गट मारले तर निव्वळ नशिबाने एखादा गट भलताच घट्ट येणारच. तुम्ही तोच उचलता, फोटो काढता आणि त्याला शोध म्हणता. गेल्या काही वर्षांत या छंदातल्याच लोकांनी तीस-तीस, पन्नास-पन्नास गोळ्या मारून जुने समज पुन्हा तपासले. अनेकांच्या लाडक्या मिश्रणांमधला फरक तेव्हा विरघळून गेला. वाईट वाटलं असेल त्यांना. पोराने शाळेतलं प्रशस्तिपत्रक खोटं निघाल्यावर वाटावं तसं.

स्टेटसमधली ती तीन भोकं खोटी नव्हती. उरलेली दोन क्रॉप केली, तिथे घोळ झाला.

लॉट शोधायला परदेशात

ऑलिम्पिकमधल्या रायफलच्या स्पर्धा दोनच अंतरांवर असतात. दहा मीटरला एअर रायफल आणि पन्नास मीटरला पॉइंट टू टू. म्हणजे स्वतः काडतूस भरण्याचा मार्ग तिथे मुळातच बंद. मग मोठे नेमबाज काय करतात? ते भरत नाहीत, निवडतात.

आमच्या उल्हासनगरात हे कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. जीन्सच्या कारखान्यात एका पँटचे दोन पाय वेगवेगळ्या थानांतून कापले तर धुवून आल्यावर एक पाय गडद, एक फिका. कापड एकाच मिलचं, नंबर तोच, पण रंगवणीचा लॉट वेगळा. म्हणून कटिंगवाला थान उघडण्याआधी लॉट बघतो. काडतुसांचंही तसंच आहे. इंग्लंडची एली, मूळ फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस या कंपन्यांची मॅच काडतुसं जगात सगळ्यात चांगली समजतात, आणि त्यांच्याही प्रत्येक खोक्यावर लॉट नंबर छापलेला असतो. कारण यंत्र तेच असलं तरी दारूचा घाण बदलतो, शिशाची तार बदलते, यंत्राचा साचा तसूभर झिजतो.

त्यातून गंमत अशी, की एका रायफलला आवडलेला लॉट त्याच मॉडेलच्या शेजारच्या रायफलला आवडेलच असं नाही. प्रत्येक नळीचा तब्येतीचा प्रकार वेगळा. म्हणून या कंपन्यांनी टेस्ट रेंज उभारल्या आहेत. लापुआची जर्मनीत शोनेबेकला आहे. नेमबाज आपली रायफल घेऊन तिथे जातो, ती शिकंजात घट्ट आवळतात आणि बंद बोगद्यात एकामागून एक लॉट तिच्यातून मारून बघतात. माणसाचा श्वास नाही, नाडी नाही, वारा नाही. जो लॉट त्या नळीला मानवला, त्याची खोकी घ्यायची, आणि पुढचा सीझन त्यावर काढायचा. लॉट संपला की पुन्हा शोध.

कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ५९७ गुण मारून जगज्जेती झाली, तेव्हा तिचे सहाशेपैकी फक्त तीन गुण गेले होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं. पात्रता फेरीत तो ५९० गुणांनी सातवा होता, फायनलला ४५१.४. तो मध्य रेल्वेत टीसी होता, त्यामुळे बदलापूर लोकलमध्ये त्या दिवशी ‘आपला माणूस’ म्हणून जरा जास्तच कौतुक चाललं होतं. (विदाऊट तिकीटवालेही सामील होते.) त्या पातळीवर गुडघा टेकून, पालथं आणि उभं राहून साठ गोळ्या मारायच्या असतात. एक गोळी खराब निघाली तर ‘वन्स मोअर’ नाही. मेडल काडतूस देत नाही हे खरंच, पण हिसकावून मात्र घेऊ शकतं.

निळं स्टिकर, लाल स्टिकर

हे सगळं मी वाचत होतो ते निव्वळ कुतूहलापोटी. मग आमच्या कॉलेजची एक ज्युनिअर भेटली. राहायला बदलापूर पूर्व. एअर रायफल मारते. आठवड्यातून तीनदा लांबलचक काळी बॅग घेऊन लोकलने रेंजवर जाते, आणि लेडीज डब्यात रोज कुणीतरी विचारतं, ‘कीबोर्ड आहे का गं?’ ती आता हो म्हणते.

एअर रायफलच्या पात्रता फेरीत साठ शॉट, प्रत्येकी जास्तीत जास्त १०.९, एकूण ६५४. मागच्या वर्षी पुढच्या स्पर्धेचा कट-ऑफ तिचा १.३ गुणांनी हुकला. मी हिशेब करून बघितला. साठ शॉटवर वाटलं तर प्रत्येक शॉटला ०.०२ गुणांहून जरासं जास्त, म्हणजे टार्गेटवर ०.०५ मिलीमीटर. माणसाचा केस साधारण तेवढाच जाड असतो. हे मी तिला उत्साहाने सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, असा तिचा चेहरा झाला.

या वर्षी तिने पेलेटचा लॉट टेस्ट करायचं ठरवलं होतं. पेलेट म्हणजे छर्रे, साडेचार मिलीमीटरचे, एका डब्यात पाचशे. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९ किंवा ४.५०, आणि लॉट नंबर. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. बोनसमधून दहा डबे एकदम घ्यायचे, म्हणजे सीझनभर लॉट बदलायला नको, असं घरात ठरलं होतं. एकदा घेतले की परत नाहीत. तिने डीलरकडून तीन वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा आणला आणि ओळखायला निळं, लाल, पिवळं स्टिकर लावलं. रविवारी दुपारी रेंज रिकामी असते, तेव्हा तिच्या सरांनी रायफल आवळायचा शिकंजा वापरायला दिला. मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन गेलो. कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदाच हातात घेतला.

प्रत्येकी पाच पेलेट मारले. निळ्याचं एकच भोक दिसत होतं, पाचही एकात एक. लालचं जरा उघडं. पिवळ्याचं तर स्पष्टच मोठं. ‘झालं!’ तिने डीलरला फोन लावायला घेतला. निळ्याचे दहा डबे.

मी म्हटलं, ‘थांब ना. अजून तीस-पस्तीस मार प्रत्येकाचे.’

‘दादा, पेलेट फुकट येतात का?’

प्रश्न रास्त होता. शंभरेक पेलेट म्हणजे तिची एका दिवसाची प्रॅक्टिस. पण समोर पाच हजार पेलेटचा निर्णय होता, आणि तो ती पाच भोकांवर घेत होती. सरांनी काही न बोलता कागद बदलला. ती माझ्याकडे न बघता पुन्हा मारायला लागली.

निळ्याचा बारावा बाहेर गेला. एकदा होतं असं. एकोणिसावा पुन्हा गेला, त्याच्याही बाहेर. चाळीस होईपर्यंत निळ्याचं भोक कडेने चांगलंच फाटलं होतं. लाल जसा सुरुवातीला होता तसाच राहिला, किंचित उघडा, पण एकही पेलेट गट सोडून गेला नाही. पिवळा शेवटी दोघांच्या मधे आला, म्हणजे सुरुवातीला ज्याला आम्ही टाकाऊ ठरवलं तो निळ्यापेक्षा बरा निघाला. चाळीस म्हणजेही अंतिम सत्य नव्हे. लाल आणि पिवळ्यातला फरक खरा की योगायोगाचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण निळ्याचे दहा डबे घरी आले असते तर सीझनभर ती दर पंधरा-वीस शॉटमागे एकदा स्वतःला दोष देत बसली असती. श्वास चुकला, ट्रिगर हिसकला, मन लागत नाहीये. आणि नेमबाजाचं मन एकदा असं लागायचं बंद झालं की ते कुठल्या डब्यातून आणणार?

परतीच्या गाडीत तिने विचारलं, ‘मग मी आधीपासूनच टेस्ट करायला हवं होतं का? पहिल्या वर्षापासून?’

याचं उत्तर मात्र नाही. नेमबाजाचा पसारा आणि पेलेटचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही. ढोबळमानाने ते काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखे असतात आणि टार्गेटवर दिसतो तो कर्ण. नेमबाजाचा पसारा तीन मिलीमीटर आणि पेलेटचा एक, तर कर्ण ३.१६. पेलेटचा दोन झाला की ३.६, म्हणजे चौदा टक्क्यांनी वाईट. तिथे डबा बदलण्यात अर्थ आहे. पण नवख्याचा स्वतःचाच पसारा दहा मिलीमीटर असेल, तर एक मिलीमीटरच्या पेलेटने कर्ण होतो १०.०५. त्याने पैसे लॉटवर नाही, प्रॅक्टिसवर घालावेत. पहिल्या वर्षाच्या पोरांना महागडे डबे विकत घ्यायला लावणारे सल्लागार हल्ली प्रत्येक रेंजवर भेटतात, त्यांना हा त्रिकोण काढून दाखवा.

हे तिला समजावून सांगताना मला एकदम माझं एनसीसीचं टार्गेट आठवलं. माझं ग्रुपिंग होतं १५ सेंटीमीटर. त्यात रायफल आणि जुन्या गोळ्या मिळून दोन सेंटीमीटरचा पसारा धरला, तरी गोळ्या अगदी आदर्श असत्या तर माझं ग्रुपिंग सुधारलं असतं सव्वा-दीड मिलीमीटरने. उरलेले साडेचौदाहून जास्त सेंटीमीटर माझे एकट्याचे होते. हे मी तिला सांगितलं नाही.

डीलरकडे लाल लॉटचे सहाच डबे शिल्लक होते. ते सहाही घेतले. दुसरा लॉट आला की पुन्हा टेस्ट, तोवर हिशेबाने वापरायचं. आता तिच्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर मार्करने आकडे लिहिलेले असतात, खोडलेले, त्याखाली नवे. रोजच्या सरावाला आता पिवळा आणि उरलेला निळासुद्धा. लाल फक्त स्पर्धेला आणि त्याआधीच्या आठवड्याला. परवा स्टेशनवर भेटली तेव्हा झाकणावर २,८६५ होतं.